एका जीवाची दोन नावे : मुंग्यांच्या खाद्यकीटकांतील कोळीकीड

काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये मुंग्यांची वसाहत ठेवून तिचे जीवन न्याहाळण्याची रीत जॉन लबॉक यांच्या १८८२ सालच्या ग्रंथामुळे इंग्लंडात सुपरिचित झाली. आज युरोपात तो अनेकांचा घरगुती छंद आहे. मुंग्यांच्या अळ्यांना मांसाहार लागतो. त्यासाठी गव्हाच्या कोंड्यात टेनेब्रिओ मोलिटर या भुंगेऱ्याच्या अळ्या वाढविण्यात येतात. या कोंड्यात कोळीकीड शिरली म्हणजे भांड्याच्या कडेवर पिठासारखा थर दिसतो. भिंगाखाली पाहावे, तर ते पीठ चालत असते.

मराठी शेतकरी या कीडीला ‘कोळी’ म्हणतो ते यथार्थच होय, कारण हे जीव कीटक नसून अष्टपाद आहेत. शास्त्रज्ञांचे एक नामकरण मात्र दिशाभूल करणारे ठरले. कीटकांच्या अंगाला चिकटलेले काही चपटे, कठीण पाठीचे सूक्ष्म जीव आढळले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात ‘हायपोपस’ ही स्वतंत्र प्रजाती कल्पिण्यात आली. पुढे कळून आले, की परिचित कोळ्यांपैकी कित्येकांच्या वाढीतीलच ही एक मधली अवस्था आहे. तीत कोळी काही खात नाही. पोटाखालच्या चूषकांनी तो कीटकाला चिकटतो आणि त्याच्यासवे नव्या जागी जातो.

ही गोष्ट केवळ नावापुरती नाही. धान्यातील अकॅरस सिरो हा कोळी हवेतील आर्द्रतेवर जगतो; सापेक्ष आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांखाली राहिली, तर तो तग धरीत नाही. म्हणून गाजर-बटाट्याच्या फोडी काढून कोंडा कोरडा करणे हा पहिला उपाय. भुंगेऱ्याच्या अळ्यांना कोरडेपणा पुष्कळ सोसतो. परंतु हायपोपस अवस्थेलाही तो सोसतो! वरवर निर्मळ झालेल्या भांड्यातील अळी वसाहतीत टाकली, की तिच्या पाठीवरून ही कीडही आत जाते. आणि तेथे कोरडेपणाचा उपाय चालत नाही, कारण ओलाव्यावाचून मुंग्यांची पिले जगत नाहीत. कोळीनाशक औषध तर मुंग्यांच्याही जिवावर बेतू शकते. बहुतेक वसाहतींत राणी एकच असते. ती गेली, की वर्षानुवर्षांची जोपासना संपली.

तेव्हा भांडे निवळण्याची वाट पाहण्यापेक्षा नवे भांडे मांडणे शहाणपणाचे. त्यासाठी अळ्या वा भुंगेरे न घेता कोष घ्यावेत. ते गुळगुळीत व जवळजवळ निश्चल असल्याने मऊ कुंचल्याने झाडून भिंगाखाली एकेक तपासता येतात. नवा कोंडा आधी काही दिवस गोठवून ठेवावा, आणि भांडे साबणपाण्याच्या थाळीत उभे करावे. जुना कोंडा घराबाहेर टाकावा.

मुंग्यांना द्यावयाची अळी काही क्षण उकळत्या पाण्यात बुडवून, निववून, कागदाच्या तुकड्यावर ठेवावी. उरलेले खाद्य दुसऱ्या दिवशी कागदासकट उचलावे.