उंदीर, सराटा आणि आपली जीन्स

लग्नाला तीन आठवडे. ब्लाउजची ट्रायल. आणि काखेतली शिलाई टर्रकन उसवली! माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने मग जे केलं, ते आपण बहुतेकींनी कधी ना कधी केलेलं असतं. 'वॉटर वेट' घालवणारी हर्बल पावडर आणली. डब्यावर गोखरू, पुनर्नवा, मक्याच्या कणसाचे केस आणि ठळक अक्षरांत 'सायंटिफिकली प्रूव्हन'. चार दिवसांत काटा दीड किलोने खाली. मॅडम एकदम खूश! गेलं ते पाणी होतं, चरबी नव्हे, ही गोष्ट वेगळी.

पण मग तिच्या आईनेही रोज चमचाभर घ्यायला सुरुवात केली. पाय सुजतात म्हणून. काकू बीपीची गोळी घेतात. तेव्हा मात्र मी तो डबा हातात घेतला. प्रूव्हन म्हणजे नक्की कोणावर?

उंदरांवर, राव!

वनस्पती 'मूत्रल' आहे का, म्हणजे लघवी वाढवते का, हे बघायची एक ठरलेली पद्धत आहे. १९४३ साली लिप्शिट्झ आणि सहकाऱ्यांनी बसवलेली. थोड्याफार फरकाने ती आजही चालते. पांढऱ्या उंदरांना रात्रभर उपाशी ठेवायचं. सकाळी तोंडावाटे सलाइन पाजायचं, वजनाच्या किलोमागे २५ मिली. (साठ किलोच्या माणसाने दीड लिटर खारं पाणी एका दमात ढोसावं, तसं. कोणालाही लागेलच की!) मग त्यांना जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचं. खाली नरसाळं, लेंड्या एकीकडे, लघवी दुसरीकडे. पाच तास मोजत बसायचं. एका गटाला नुसतं सलाइन, दुसऱ्याला वनस्पतीचा अर्क, तिसऱ्याला फ्युरोसेमाइड, म्हणजे सूज उतरवायला डॉक्टर देतात ते औषध. शेवटी लघवीतलं सोडियम आणि पोटॅशियम तपासायचं.

या परीक्षेत गोखरू खरंच पास झालाय. गोखरू म्हणजे गावाकडे चपलेतून पायात रुततो तो सराटा. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात त्याच्या पानाफळांच्या पाण्यातल्या अर्काने फ्युरोसेमाइडपेक्षा किंचित जास्तच लघवी झाली. मक्याचे केस मात्र त्याच अभ्यासात एकटे नापास!

आता डोस बघा. किलोला ५ ग्रॅम. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण सहाने भागतात. तरी साठ किलोच्या मुलीला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास अर्क लागेल. डब्यातला चमचा पाच ग्रॅमचा. त्यात तीन वनस्पती, आणि तीही नुसती पूड. म्हणजे 'प्रूव्हन' झालं ते त्या चमच्यात नाहीच.

मग घेतली तर बिघडलं कुठे? मैत्रिणीचं कदाचित काही नाही. काकूंचं बिघडू शकतं. पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, हिचा अभ्यास १९२०च्या दशकात कोलकात्यात डॉ. रामनाथ चोप्रांनी केला होता. तिच्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात, हे तेव्हाच दिसलं होतं. आणि बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावात शेवटी 'सार्टन' येतं, त्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. किडनी थकलेली असेल तर ते साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पिंजऱ्यातला उंदीर तरणाबांड, बिनगोळीचा, आणि परीक्षा पाच तासांची. साठीतल्या बाईने महिनाभर घेतलं तर काय, हे त्याला विचारलेलंच नाही. मला राग आहे तो याचा. सराट्यावर नव्हे, त्या दोन शब्दांवर.

काकूंना मी डब्यासकट त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तातलं पोटॅशियम नॉर्मलच्या अगदी वरच्या टोकाला निघालं. पावडर बंद! आणि पाय कशाने सुजत होते? बीपीच्या गोळीतल्याच दुसऱ्या औषधाने, अ‍ॅम्लोडिपिनने. घोट्याशी सूज हा त्याचा नेहमीचा साइड इफेक्ट, आणि लघवी वाढवून ती फारशी उतरत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली, पंधरा दिवसांत काकूंच्या चपला पायात नीट बसायला लागल्या.

आणि ब्लाउज? टेलरने आत सोडलेल्या मायेतून अर्धा इंच मोकळा करून दिला. पन्नास रुपयांत.