उत्पादन दायित्व

सदोष वस्तूमुळे एखाद्याला इजा किंवा अन्य हानी झाल्यास तिची भरपाई करण्याची उत्पादक, विक्रेता अथवा सेवा पुरवठादार यांच्यावरील कायदेशीर जबाबदारी म्हणजे उत्पादन दायित्व होय. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या सहाव्या प्रकरणात (कलमे ८२ ते ८७) याविषयीच्या तरतुदी असून त्या २० जुलै २०२० पासून अंमलात आल्या.

पार्श्वभूमी

पूर्वी सदोष वस्तूबाबतची दाद प्रामुख्याने विक्रीच्या करारावर अवलंबून असे. वस्तू स्वतः विकत न घेतलेल्या व्यक्तीला भरपाई मिळणे कठीण होते. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील पेझली येथे मे डोनोह्यू यांनी सोबतच्या व्यक्तीने विकत घेतलेले जिंजर बिअर प्यायले. अपारदर्शक बाटलीत कुजलेली गोगलगाय होती व त्यामुळे आपण आजारी पडलो, असा त्यांचा दावा होता. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी निर्णय दिला, की करार नसला तरी उत्पादकावर अंतिम ग्राहकाप्रती काळजी घेण्याचे कर्तव्य असते. अमेरिकेत १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रीनमन खटल्यात याही पुढे जाऊन निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, असे ठरवले.

दोषांचे प्रकार

* रचनेतील दोष : मूळ आराखडाच असुरक्षित असणे. उदा. प्रेशर कुकरची झडप अशी बसवलेली असणे, की त्या नमुन्याचा प्रत्येक कुकर धोकादायक ठरतो.
* निर्मितीतील दोष : आराखडा योग्य असूनही काही नगांमध्ये चूक राहणे.
* सूचनांतील दोष : वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न देणे.

निर्मितीच्या ठरलेल्या निकषांपासून किंवा दिलेल्या स्पष्ट हमीपासून वस्तू ढळली, तरीही उत्पादक जबाबदार ठरतो.

भारतीय कायदा

१९८६ च्या अधिनियमात भरपाईसाठी विरुद्ध पक्षाचा निष्काळजीपणा आवश्यक होता. २०१९ च्या अधिनियमातील कलम ८४ मध्ये, स्पष्ट हमी देताना आपण निष्काळजी नव्हतो असे उत्पादकाने सिद्ध केले तरी त्याचे दायित्व टळत नाही. 'हानी' या संज्ञेत शारीरिक इजा, आजार, मृत्यू, त्यासोबतचा मानसिक त्रास आणि अन्य मालमत्तेचे नुकसान यांचा समावेश होतो. खुद्द सदोष वस्तूचे नुकसान त्यात येत नाही. उत्पादकाची ओळख पटत नसल्यास विक्रेत्याला जबाबदार धरता येते.

अपवाद

हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरबदल केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध कारवाई करता येत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या उघड धोक्याबाबत इशारा दिला नाही, म्हणून उत्पादक दोषी ठरत नाही.

तक्रार

तक्रार घटनेचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे करावी लागते; तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. दोष तपासण्यासाठी आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यामुळे मूळ वस्तू, खरेदीची पावती आणि वैद्यकीय कागदपत्रे हे महत्त्वाचे पुरावे ठरतात.