बॅनॉकांचा ‘ध’चा ‘मा’

‘ध’चा ‘मा’ झाला म्हणजे केवढा अनर्थ ओढवतो, हे मराठी माणसास सांगावयास नको. अमेरिकेच्या वायव्य भागातील आयडाहो राज्यात राहणाऱ्या बॅनॉक जमातीच्या इतिहासातही असाच एक शब्द आहे.

बॅनॉक हे मूळचे उत्तर पायूट लोकांपैकी. अठराव्या शतकात त्यांना घोडे मिळाले आणि स्नेक नदीच्या खोऱ्यात ते शोशोनी जमातीच्या सोबतीने राहू लागले. नदीतील सामन मासे, डोंगरापलीकडील बायसन नावाचे रानगवे आणि कॅमसचे कंद, यांवर त्यांचा निर्वाह चाले. कॅमस ही निळ्या फुलांची वनस्पती. तिचे कांद्यासारखे कंद स्त्रिया टोकदार काठीने उकरीत आणि तापविलेल्या दगडांच्या खड्ड्यात दीर्घकाळ भाजीत. भाजल्याने ते गोड होत. वाळवून ठेवले की हिवाळ्याची बेगमी होई. कॅमसचे कुरण म्हणजे या लोकांचे धान्याचे कोठारच होते.

जुलै १८६८ मध्ये फोर्ट ब्रिजर येथे अमेरिकन सरकारशी तह झाला. बॅनॉकांच्या राखीव प्रदेशात ‘कॅमस प्रेअरी’चा, म्हणजे या कुरणाचा, वाजवी भाग असावा, अशी अपेक्षा होती. परंतु तहाच्या मसुद्यात उमटले ‘कॅन्सस प्रेअरी’! कॅन्सस तर तेथून शेकडो मैल दूर. बॅनॉकांच्या वाट्यास फोर्ट हॉलची राखीव भूमी आली. कुरण मात्र आले नाही. पुढे वसाहतवाल्यांची डुकरे तेथे शिरली आणि कंद उकरून खाऊ लागली. फोर्ट हॉलला मिळणारा शिधाही अपुराच होता.

अखेर १८७८ च्या मे महिन्यात संघर्षाचा भडका उडाला. आदल्याच वर्षी अमेरिकन सैन्यासाठी टेहळणी करणारा बफेलो हॉर्न आता बंडाचा नायक झाला. जूनमध्ये तो पडला आणि त्या वर्षाच्या शरद ऋतूपर्यंत बंड मोडले.

तथापि शब्दाने नेलेले काही अंशी शब्दानेच परत आणले. तहात शिकारीचा हक्क होता, मासेमारीचा उल्लेख नव्हता. या लोकांच्या भाषेत शिकार आणि मासेमारी यांसाठी क्रियापद एकच, असे न्यायालयापुढे सांगण्यात आले. १९७२ मध्ये आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य केला. शोशोनी व बॅनॉक आज फोर्ट हॉल येथे एकत्र नांदतात. तहाचा इंग्रजी मसुदा त्यांच्या बोलीत वाचला गेला, तेव्हा कोठे त्यांना न्याय मिळाला.