तापीतले शिंपले मोजायचे कसे?

नंदुरबार : उन्हाळ्यात नदीचे पाणी ओसरले की काठच्या वाळूत शिंपल्यांची टरफले उघडी पडतात. एवढी टरफले म्हणजे नदीत शिंपले विपुल असणार, असा समज सहज होतो. मात्र टरफल कित्येक वर्षे टिकते, पुरात दूरवरून वाहतही येते. जिवंत शिंपला तळाच्या गाळात रुतलेला असतो, आणि नदीच्या प्रकृतीचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.

शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्नकण खातात. त्यांच्या बहुतेक जातींच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात. म्हणजेच माशांची ये-जा थांबली, तर शिंपल्यांची नवी पिढीही थांबते. नंदुरबार जिल्ह्यात तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज आहेत. खाली गुजरातेत उकाई धरण १९७२ पासून उभे आहे. शिवाय गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शेतीसाठी वापरला जाणारा 'लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस' हा शिंपला नद्या-तलावांतूनही गोळा केला जातो. किती काढावेत, हे ठरवायचे तर आहेत किती हे आधी कळायला हवे.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे घड्याळ लावून शोध. दोन-तीन माणसे ठराविक वेळ तळ चाचपतात आणि सापडलेले शिंपले मोजतात. एखादी जात नदीत आहे की नाही, हे कळण्यासाठी ती उत्तम. पण तिच्यातून चौरस मीटरमागे किती, हे निघत नाही. गढूळ पाण्यात अनुभवी हाताला दहा सापडतील तेथे नवख्याला दोनच सापडतील, तेही मोठे.

संख्येसाठी चौकट लागते. अर्धा मीटर बाजूची लोखंडी चौकट तळावर ठेवायची आणि आतले सारे शिंपले मोजायचे. समजा, ४,००० चौरस मीटर तळावर अशा ५० चौकटी टाकल्या. तपासलेले क्षेत्र झाले साडेबारा चौरस मीटर. त्यात २५ शिंपले मिळाले, तर चौरस मीटरला दोन, एकूण अंदाज ८,०००. आता त्या २५ पैकी २० केवळ दोन चौकटींत असतील तर? त्या दोन चौकटी थोड्या बाजूला, रिकाम्या जागी पडल्या असत्या, तर हाती पाचच शिंपले लागले असते आणि अंदाज १,६०० वर आला असता. शिंपले गटागटाने राहतात. त्यामुळे हा धोका काल्पनिक नाही.

म्हणूनच जागा निवडण्याचा अधिकार मोजणाऱ्याकडे ठेवत नाहीत. 'येथे बरेच दिसतात' म्हणून चौकट टाकली की हिशेब बिघडला. डेव्हिड स्ट्रेअर आणि डेव्हिड स्मिथ या अमेरिकी अभ्यासकांनी २००३ च्या मार्गदर्शिकेत चर्चिलेली एक रीत अशी : पहिली जागा चिठ्ठी टाकून ठरवायची, पुढच्या चौकटी समान अंतराने. अशा दोन-तीन सुरुवाती घेतल्या की अंदाजात चूक किती असू शकते, हेही काढता येते.

दुसरी अडचण रुतलेल्या पिलांची. ती वरून दिसत नाहीत. दहा-पंधरा सेंटिमीटर गाळ उपसून चाळावा लागतो. प्रत्येक चौकट खणणे परवडत नाही. तेव्हा सर्व चौकटींत वरवरची मोजणी करून काहीच खणतात. खणलेल्या चौकटींत वर ६ आणि एकूण १० मिळाले, तर उरलेल्यांचा आकडा त्याच प्रमाणात वाढवायचा. हे चाळणे टाळले, तर म्हातारी वस्तीही सुदृढ भासते. युरोपातील मोत्याचा शिंपला शंभराहून अधिक वर्षे जगतो. पिले नसतानाही त्याची गणती दीर्घकाळ भरलेली दिसू शकते.

गोमाईसारख्या नदीच्या उथळ पात्रात कंबरभर पाण्यात उभे राहून हे काम होते. बॅरेजच्या साठ्यात किंवा अक्राणी, अक्कलकुव्यातील सरदार सरोवराच्या फुगवट्यात पाणबुडेच हवेत.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात. त्यांत 'शिंपले आढळतात' एवढेच लिहून भागणार नाही. चौकटी किती, खणल्या किती, तारीख कोणती, पाणी किती खोल आणि रिकाम्या चौकटी किती, हेही हवे. मोजलेला शिंपला मात्र त्याच जागी, पाणी आत घेण्याची बाजू वर ठेवून, पुन्हा गाळात रोवायचा असतो.