जुना बुधला आणि नवी बॅटरी



मागच्या अंकात आपल्या कार्यशाळेसाठी मिळालेल्या जुन्या ऑसिलोस्कोपचा उल्लेख वाचून काहींनी विचारले, "इतके जुने यंत्र तुम्ही कशाला वापरता, आणि त्याची बॅटरी कोठून आणलीत?" त्याचे उत्तर लिहीत आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही.

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारे यंत्र. साधा मीटर 230 व्होल्ट असा आकडा दाखवतो, पण लाट सरळ आहे की तुटकी, हे तो सांगत नाही. सातपुड्यातील पाड्यांवर आपले दवाखाने सोलरवर चालतात. इन्व्हर्टर बिघडला की तेथे प्लग लावायलाही वीज नसते. म्हणून स्वतःच्या बॅटरीवर चालणारा ऑसिलोस्कोप लागतो. नवा घ्यायचा तर मोठा खर्च. हा एका निवृत्त बांधवाने दिला. 1970 च्या दशकातील आहे, पण पडदा अजून स्वच्छ. फक्त बॅटरी मेलेली होती.

आत निकेल-कॅडमियमचे दहा सेल होते. एकेक सेल 1.2 व्होल्टचा, म्हणून एकूण 12 व्होल्ट. सेल गळून पांढरी भुकटी साचली होती. ती क्षारयुक्त असते आणि कातडीला झोंबते. हातमोजे घालून, थोड्या व्हिनेगरने पुसून ती काढली. कॅडमियम विषारी आहे. असे सेल शेतात पुरू नयेत, ओढ्यात टाकू नयेत. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते अधिकृत संकलकाकडेच द्यायचे असतात. आपले सेल बंद डब्यात ठेवून तसेच दिले.

आता माझी चूक. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले तीन लिथियम सेल मी जोडले, जुन्या जागी बसवले आणि संध्याकाळी यंत्र त्याच्याच जुन्या चार्जिंगवर लावून झोपायला गेलो. ती खोली मुलांच्या वसतिगृहाला लागून आहे. रात्री आठवीतला एक मुलगा मला उठवायला आला. "काका, भंडारातून गरम वास येतोय." जाऊन पाहिले तर यंत्राच्या पेटीला हात लावता येत नव्हता. प्लग काढला, लाकडी दांड्याने पेटी अंगणात ढकलली आणि पहाटेपर्यंत लांब बसून राहिलो. आग लागली नाही, ही देवाची कृपा. भिंतीपलीकडे चाळीस मुले झोपली होती.

असे का झाले? जुना चार्जर थांबत नाही. तो ठरावीक, थोडासा प्रवाह तासन्‌तास देत राहतो. निकेल-कॅडमियमचा सेल भरल्यावर ही जादा वीज उष्णता बनून निघून जाते आणि सेल ते सोसतो. लिथियम सेलला हे सोसत नाही. भरल्यावरही वीज येत राहिली तर त्याचा व्होल्टेज चढत जातो, सेल तापतो आणि शेवटी पेटू शकतो. नवा द्राक्षारस आणि जुने बुधले हा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. मी त्यावर प्रवचनही दिले आहे. त्या रात्री तो मला कळला.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा प्रकार निवडला. तो इतर लिथियम सेलपेक्षा उष्णतेत स्थिर राहतो, सहज भडकत नाही. त्याचा एक सेल 3.2 व्होल्टचा, म्हणजे चार सेलचे 12.8 व्होल्ट. पूर्ण भरल्यावर 14.6. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत 16 व्होल्टपर्यंत चालेल असे लिहिले आहे, म्हणून हा मेळ बसला. हा पदार्थ बॅटरीसाठी उपयोगी असल्याचे 1997 मध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्या सहकाऱ्यांत पाढी आणि नंजुंडस्वामी हेही होते. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कामासाठी 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी, नोबेल मिळाले. ते श्रद्धावंत ख्रिस्ती होते.

काम या क्रमाने केले.

एकाच प्रकारचे चार नवे सेल घेतले आणि जोडण्याआधी प्रत्येक वेगळा पूर्ण भरून सारख्या पातळीवर आणला. एक भरलेला आणि एक अर्धा असेल, तर अर्धाच आधी थकतो.

सेलवर थेट डाग दिला नाही, कारण त्या उष्णतेने सेल आतून खराब होतो. शहरातील बॅटरी दुरुस्तीवाल्याकडून निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावून घेतल्या.

याच प्रकारच्या चार सेलसाठी बनलेले संरक्षक सर्किट बसवले. कोणताही सेल साधारण 3.65 व्होल्टच्या वर किंवा 2.5 च्या खाली जाऊ लागला की ते जोडणी तोडते. धन तारेवर, सेलच्या अगदी जवळ, 3 अँपिअरचा फ्यूज घातला.

सर्वांत महत्त्वाचे, जुन्या चार्जिंगची तार कापून तिचे टोक टेपने बंद केले आणि पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, "आतून चार्ज होत नाही." नवा 14.6 व्होल्टचा चार्जर वेगळा ठेवला आणि त्याची पिनही वेगळ्या आकाराची घेतली. म्हणजे चुकूनही दुसरा चार्जर बसणार नाही.

पहिले चार्जिंग दिवसा, ओट्यावर, शेजारी बसून केले. वास आल्याचे सांगणारा तोच मुलगा दर अर्ध्या तासाला मीटरचे आकडे वहीत लिहीत होता.

या बॅटरीची एक खोड लक्षात ठेवावी लागते. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो आणि मग एकदम पडतो. त्यामुळे यंत्रावरचा जुना काटा विश्वासाचा राहत नाही. आम्ही वेळ मोजतो. सहा अँपिअर-तासांचे सेल, यंत्राला सुमारे एक अँपिअर लागतो, म्हणून पाच तास झाले की काम थांबवायचे.

पावसाळ्यानंतर हे यंत्र खांद्यावर घेऊन आम्ही एका पाड्यावरच्या दवाखान्यात गेलो. मीटरवर आकडा ठीक होता, पण पडद्यावर लाट ठिकठिकाणी तुटलेली दिसली. इन्व्हर्टरमधील एक कपॅसिटर गेला होता. तो बदलला आणि त्या संध्याकाळी बाळंतपणाच्या खोलीत दिवा लागला.

आपल्याला दोन विनंत्या. जुनी उपकरणे देताना त्यांची माहितीपुस्तिका आणि चार्जर सोबत द्या. आणि लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या कृपया पाठवू नका. त्या रात्रीपासून आम्ही त्या घेत नाही. आता चार्जिंगची जागा वसतिगृहापासून दूर, दगडी ओट्यावर आहे, आणि रात्री तेथे काहीही लावून ठेवायचे नाही असा नियम आहे. मुलांसाठी आणि या कामासाठी प्रार्थना करीत राहा.