धातुशोधक यंत्राची तबकडी

विमानतळावर पोलीस प्रवाशाच्या अंगाजवळून एक लहान यंत्र फिरवतात. खिशात किल्ली असली, की ते वाजते. हे धातुशोधक यंत्र होय. याच जातीचे मोठे यंत्र जमिनीत पुरलेला धातू शोधते. त्याला लांब दांडा असतो. वर बॅटरीची पेटी आणि खाली ताटलीसारखी तबकडी असते.

मुलांनो, या यंत्राचा जीव त्या तबकडीत असतो. तिच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. एका वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो, त्यामुळे तबकडीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू आला, की त्यातही लहान प्रवाह निर्माण होतात. हे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढले. धातूतील प्रवाहांचेही क्षेत्र असते. अनेक यंत्रांत दुसरे वेटोळे ते टिपते आणि यंत्र आवाज करते.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी जोझेफ कोसात्स्की यांनी बनवलेल्या अशा यंत्राने १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात सैनिकांना सुरुंगांतून वाट काढून दिली. सुरुंगांचे संकट आपल्या राज्यानेही पाहिले आहे. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मृत्युमुखी पडले. रस्ता तपासणारे पथक धातुशोधक यंत्र घेऊन पुढे चालते. काही सुरुंगांत धातू अगदी थोडा असतो. त्याचा इशारा फार क्षीण असतो. तबकडी बिघडलेली असेल, तर तो ऐकूच येणार नाही.

म्हणून तिची निगा राखावी लागते. तबकडी जमिनीला समांतर, पण न घासता फिरवावी. दगडावर आपटल्यास दोन वेटोळ्यांची जागा किंचित सरकते आणि त्यांचा समतोल बिघडतो. मग धातू नसतानाही यंत्र वाजते, किंवा असूनही गप्प राहते.

तबकडीखाली प्लास्टिकचे झाकण लावतात. घासले गेले, तर ते झिजते, तबकडी वाचते. मात्र झाकण मधूनमधून काढून पुसावे. का, ते तुम्हीच पाहा. भडगावच्या गिरणा नदीच्या वाळूत चुंबक फिरवा. त्याला काळे कण चिकटतील. ते आपल्या काळ्या खडकातून आलेले लोहयुक्त कण आहेत. असे कण झाकणात अडकले, तर यंत्र फसते.

तबकडीची वायर दांड्याला नीट गुंडाळावी. ती लोंबत राहिली, तर झुडपात अडकते आणि हलली तरी खोटा आवाज येतो. पण ती फार ताणूही नये, जोडापाशी तुटते. काम संपल्यावर तबकडी ओल्या, मऊ कापडाने पुसावी. पेट्रोल किंवा रॉकेल लावू नये, प्लास्टिक खराब होते. खानदेशातील उन्हाळा तर सर्वांना ठाऊकच आहे! भर उन्हात, बंद गाडीत यंत्र ठेवू नये. उष्णतेने प्लास्टिक वाकते.

सर्वांत शेवटी एक चाचणी करावी. जमिनीवर नाणे ठेवून त्यावरून तबकडी फिरवावी. आवाज रोजच्यासारखा आला, तरच यंत्र कामावर न्यावे. या चाचणीला एक मिनिटही लागत नाही. पण मागून चालणाऱ्यांचे प्राण त्या एका आवाजावर अवलंबून असतात.