उकलता येणारे घर

लग्नाचा मांडव मोडताना कोणी हळहळत नाही. सुंभ सोडला, मेढी उपटल्या, बांबू रचले की गाडी भरून तेच सामान पुढच्या गावच्या कार्याला जाते. एकच बांबू एका लग्नसराईत किती घरच्या अक्षता पाहतो! पण आपणच शेतात कोंबड्यांची शेड घालायला निघालो, की खांब सिमेंटात पुरतो आणि अँगलला अँगल वेल्डिंगने कायमचा चिकटवतो. पुढे धंदा परवडला नाही, वाटण्या झाल्या किंवा विहिरीजवळ शेड हवी असे ठरले, की कटर आणावा लागतो. निम्मे सामान भंगाराच्या भावाने जाते. चूक सामानाची नसते, सांध्याची असते.

हा विचार एका शहराने फार मोठ्या संकटात करून दाखवला आहे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमधील कोबे शहराला भूकंपाचा धक्का बसला. सहा हजारांहून अधिक माणसे दगावली, वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. नागाता भागातील ताकातोरी चर्चही आगीत गेले. तिथे येणाऱ्यांत व्हिएतनाममधून आलेली निर्वासित कुटुंबे पुष्कळ होती. शिगेरु बान नावाचे एक वास्तुकार तिथे गेले आणि म्हणाले, पुठ्ठ्याच्या नळ्यांचे सभागृह बांधू.

पुठ्ठा म्हटल्यावर नाके मुरडू नका. कापडाच्या दुकानात ताग्याच्या आत जाड नळी असते ना, तिचाच हा थोरला भाऊ. सव्वातीनशे मिलिमीटर व्यासाच्या, पाच मीटर उंचीच्या ५८ नळ्या लंबगोलात उभ्या केल्या. बाहेरून पन्हळी प्लॅस्टिक पत्र्याची चौकोनी भिंत, वर तंबूच्या कापडाचे छप्पर. सुमारे १६० स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत काम पुरे केले. क्रेन चढवावी असे जड काही नव्हतेच.

हे सभागृह थोडे दिवस टिकावे एवढीच अपेक्षा होती, पण लोकांनी ते दहा वर्षे वापरले. २००५ मध्ये पक्के चर्च बांधायचे म्हणून ते काढायचे ठरले. आता गंमत पाहा. भूकंपाच्या दहाव्या स्मृतिदिनाला तैवानमधून पाहुणे आले होते. त्यांच्याकडेही २१ सप्टेंबर १९९९ रोजी मोठा भूकंप होऊन दोन हजारांवर माणसे गेली होती. त्यांनी ते सभागृहच मागून घेतले! सांधे सोडले, सामान जहाजावर चढवले आणि तैवानच्या पुली भागातील ताओमी या खेड्यात २००८ साली ते पुन्हा उभे राहिले. ताओमी हे शेतकऱ्यांचे गाव. भूकंपानंतर त्याने ओढे, पाणथळी जपल्या, बेडूक आणि चतुर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना घरी उतरवून चार पैसे मिळवायला सुरुवात केली. एका देशातले प्रार्थनेचे सभागृह दुसऱ्या देशात गावकऱ्यांच्या बैठकीची आणि पाहुण्यांच्या भेटीची जागा झाले.

कोबेत सरकारनेही भूकंपग्रस्तांसाठी ४८ हजारांवर तात्पुरती घरे उभारली होती. १९९९ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा त्यांतली वापरून झालेली पाचशे घरे जपानच्या नौदलाच्या जहाजांतून तिकडे रवाना झाली. ती घरे वेल्डिंग करून आणि सिमेंटात रोवून बांधलेली असती, तर हे जमले असते का?

आपल्या गावाकडे वळण्याआधी भुजला थांबू. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर बान यांनी तिथेही नळ्यांची घरे बांधली. कोबेत अशा घरांच्या पायाला वाळू भरलेले बाटल्यांचे प्लॅस्टिकचे क्रेट होते. भुजला तसे क्रेट मिळाले नाहीत. मग पडलेल्या घरांचा राडारोडा भरून पाया केला, जमीन मातीची सारवली, छपराला बांबू आणि वेताच्या चटया, मध्ये ताडपत्री. जिथे जे मिळेल त्याचे घर! माझ्या मते बान यांच्यापासून शिकायचे ते हेच, पुठ्ठा नव्हे. आपल्याकडे बांबू असताना पुठ्ठ्याच्या मागे कशाला लागायचे?

किल्लारीची आठवण इथे टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसे गेली. वाचलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. पत्र्याखालचा उन्हाळा म्हणजे काय, हे ज्या बाईने भरदुपारी तिथे भाकरी थापली असेल तीच सांगेल. तेव्हा निवारा हलका हवा हे खरे, पण वर पाचटाचा थर आणि समोरासमोर वारा खेळायला वाट हवीच. पुढे त्यात शेळ्या बांधल्या, तर त्या मुक्या जिवांनाही तेच लागते.

आता आपल्या शेडचे बोलू. सांधा नटबोल्टचा घ्या. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. बोल्टला सुरुवातीला थोडे जास्त पैसे पडतात, पण दुसऱ्या उभारणीत ते वसूल होतात. छपराच्या कैच्यांमधले अंतर सगळीकडे सारखे ठेवा आणि पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्याही सारख्या अंतरावर घ्या, म्हणजे पत्र्याची जुनी भोके नव्या जागी जुळतात. भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडा, खळग्यात पाडले तर गळणारच. हुकाखाली रबरी वायसर विसरू नका.

खांब पुरण्याऐवजी तळाला लोखंडी पट्टी लावून ती पायाच्या दगडी किंवा काँक्रीटच्या ठोकळ्याला बोल्टने आवळा. मात्र इथे काटकसर करू नका. हलकी शेड खाली दबण्याची भीती कमी, वाऱ्याने वर उचलली जाण्याची जास्त. वळवाच्या वावटळीत पत्रे उडतात ते याच कारणाने. ठोकळा जमिनीत खोल आणि वजनदार हवा. शेड हलवाल तेव्हा तेवढा एक ठोकळाच मागे राहील.

आपल्या वडिलांच्या वेळची खणांची घरे अशीच होती. तुळई खांबावर खाच आणि खुंटीने बसलेली असायची. भाऊ वेगळे झाले की लाकूड सोडवून दुसरीकडे घर उभे राहायचे. त्या लाकडावर सुताराने कोरलेल्या खुणा अजून काही घरांत दिसतात. कुठला खांब कुठल्या तुळईचा, हे त्यावरून कळे. आपणही शेड सोडण्यापूर्वी प्रत्येक अँगलवर रंगाने आकडा घालावा, त्याच आकड्यांचा नकाशा वहीत काढावा आणि बोल्ट तेलात बुडवून डब्यात झाकून ठेवावेत. डब्याला चिठ्ठी चिकटवायचे काम घरच्या शाळकरी मुलीला सांगा. तिचे अक्षर चांगले असते.